मरून म्हणून दिलेला हिरवा जिग

अण्णा, तुमचा मासेमारीचा डबा माझ्याकडे आलाय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी बोलावून घेतलं आणि हातात दिला. मी नको म्हणालो. खरं तर अकरा वर्षं मला तो डबा हवा होता, पण वस्तू समोर आली की आधी नको म्हणायचं ही माझी धंद्यातली खोड. वहिनींना ती माहीत नसावी, किंवा पुरेपूर माहीत असावी. त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि कॉफी टाकायला आत निघून गेल्या.

आता तो हिनकलच्या गोदामात माझ्या टेबलावर आहे. आजूबाजूला पाडलेल्या घरांची दारं, खांब, खिडक्या. मला लिहायची सवय नाही. मी लिहितो ते खडूने, दाराच्या पाठीमागे, भाव. पण तुमच्याशी भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही निघून गेलात. ही काही पद्धत झाली नाही. सात महिन्यांपूर्वी माझा राग कोणावर आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. आता राग आहे तेवढाच आहे, पण तो कुठे ठेवायचा तेच समजत नाही.

तसं पहिल्या भेटीतही तुम्ही मला गोंधळातच टाकलं होतं. नजरबादच्या तुमच्या दुकानाची पाटी वाचून मी तुम्हाला वजनकाटा तपासायला बोलावलं. तुम्ही वजनं चढवलीत, उतरवलीत, पुन्हा चढवलीत आणि उकिडवे बसूनच म्हणालात,

"काटा खोटा आहे तुझा."

मी भडकलो. "खोटं कोणाला म्हणता? वीस वर्षं या गावात धंदा करतोय!"

"ओरडतोस कशाला रे? खोटा आहे, पण तुझ्याच विरुद्ध. कड्या-कोयंड्यांचं पितळ तू वजनावर विकतोस ना? प्रत्येक वेळी मूठभर फुकट घालवतोयस."

तुम्ही काटा सरळ केलात, चहा प्यालात आणि गेलात. मी महिनाभर विचार करत होतो, यात या माणसाचा फायदा काय? फायद्याशिवाय कोणी खरं बोलत नाही हे मी ज्या गावाहून मोकळ्या हाताने आलो तिथेच शिकलो होतो. मग तुम्ही एक दिवस म्हणालात, रविवारी बन्नूरकडे येतोस का, केरेवर, तळ्यावर, मासे धरायला. मला हायसं वाटलं. सापडला फायदा. म्हाताऱ्याला गाडी हवीय. आणि रविवारी तुम्ही माझ्या टेंपोत बसायलाच तयार नाही! "बसमध्ये खिडकी मिळते," म्हणालात आणि बसने गेलात. मी रिकामा टेंपो घेऊन तुमच्या बसच्या मागे मागे.

त्या तळ्याच्या बांधावर, दगडी उतारापाशी, तुम्ही मला जिग शिकवायला घेतला. शिशाचं वाटाण्याएवढं डोकं, त्यात गळ, मागे लोकरीची शेपटी. शिसं तुम्ही स्वतः ओतायचात, लोकर बन्नूरच्या मेंढीची. माझी समजूत अशी की मासा फसवायचा म्हणजे काहीतरी जोरात करायला हवं. मी काठी हातभर वर खेचायचो, पुन्हा खेचायचो. तुम्ही शेजारी बसून बघायचात.

"संपत, तू माशाशी सौदा करतोयस."

"मग काय करू?"

"वीतभर उचल. मनगटाने. आणि मग सोड."

"सोडलंच की."

"सोडलं नाहीस. खाली जाताना पण धरून ठेवलंयस. अय्यो, पडू दे की त्याला! वर खेचताना मासा फक्त बघतो. धरतो तो पडताना."

किती वेळा ऐकलं असेल मी हे. जिग पडत असताना तंगूस, गळाचा दोरा, ताठही नको आणि ढिलाही नको. काठीचं टोक त्याच्या मागोमाग खाली न्यायचं, जिन्यावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसामागून चालावं तसं. आणि मोजायचं. त्या उतारापाशी नऊ आकड्यांना तळ लागतो. नवाला तंगूस सैल पडला तर तळ. सहालाच थांबला तर तळ काही वर आलेला नाही, कोणीतरी जिग तोंडात धरलाय. तेव्हा मनगट फिरवायचं, तेव्हाच.

मला हे सगळं पाठ होतं. करताना मी पाचालाच खेचायचो. हातातली वस्तू आपोआप खाली जातेय आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे माझ्याच्याने होत नव्हतं. जिलेबी मासा मिळायचा कधी कधी, तळहाताएवढा. तुम्हाला मरळ मिळायची.

म्हणून मी ठरवलं की गोम रंगात आहे. तुमच्या मरून जिगला एकदा हातभर मरळ लागलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तुम्ही पिढीजात रंगारी. वाडवडिलांनी इथे येऊन कापड रंगवलं, छापलं. घरात काहीतरी कृती असणारच, कुठल्या तरी सालीची, कशाची तरी. मी अकरा वर्षं विचारत राहिलो. गोड बोलून विचारलं, रुसून विचारलं, एकदा तर बदल्यात सागवानी कोरीव दार देऊ केलं.

"रंगात काही नाही रे. बिडप्पा, सोड तो विषय."

आता, माझ्या धंद्यात ज्या गोष्टीत काही नाही असं समोरचा सांगतो, त्यातच सगळं असतं. मीच गिऱ्हाइकांना सांगतो, लाकडात काही नाही हो, सगळं पॉलिशमध्ये. म्हणून मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. तुम्ही मोठे चिवट आहात अशी माझी खात्री झाली आणि खरं सांगू, त्यामुळेच तुम्ही मला जास्त आवडायला लागलात. बन्नूरच्या बाजारात तुम्ही एकेक टोमॅटो अंगठ्याने दाबून घ्यायचात. भाजीवाली करवादायची, तुम्हाला फरक पडायचा नाही. मी मनात म्हणायचो, हा आपला माणूस.

मग केदार आला. पुण्याहून इथे नोकरीला आलेला, महागड्या काठ्या, परदेशी डबे. हिनकलमध्येच राहतो म्हणून मीच त्याला बरोबर आणला, माझीच चूक. तुम्ही त्याला एका सकाळीत शिकवलंत आणि त्याला एका सकाळीत आलं. तिसऱ्या फेकीला मरळ. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. माझ्या पाठीवर अकरा वर्षांत कधी मारली होती? तेव्हापासून माझ्या मनात होतं, लपवत नाही. याला सांगितलं ते मला सांगितलं नाही. मला अडाणी ठेवून मजा बघतात.

आणि तुम्ही त्याच्यासमोर मोठ्याने आकडे मोजायला लागलात. एक, दोन, तीन, शाळामास्तरासारखे. आधी कधी मोठ्याने मोजत नव्हतात. मला वाटलं, पुण्याच्या लोकांपुढे दिखावा.

तो सात महिन्यांपूर्वीचा रविवार. केदार, त्याच्या ऑफिसातले दोघे, तुम्ही आणि मी. पाणी गढूळ, सकाळपासून कोणालाच काही नाही. मी म्हणालो,

"अण्णा, मरून द्या. तो मरळवाला."

तुम्ही डबा उघडलात, ओळीवरून अंगठा फिरवलात, बराच वेळ फिरवलात आणि एक काढून दिलात. "घे."

"हा हिरवा आहे."

"मरून आहे. घे रे."

केदार वाकून बघत म्हणाला, "काका, हिरवाच आहे तो," आणि हसला. त्याचे मित्रही हसले. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत.

"पाण्यात गेला की सगळे सारखेच. टाक."

मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

"रंगाऱ्याच्या पोटी जन्मलात आणि एवढा रंग कळत नाही? की यांच्यासमोर माझं माकड करायचंय?"

तुम्ही डबा मिटलात. दोन्ही खटके लावलेत, आधी डावा, मग उजवा. आणि म्हणालात,

"हो रे. नाही कळत मला."

मला ती शुद्ध चेष्टा वाटली. मी हिरवा जिग खिशात कोंबला, टेंपो काढला आणि निघून आलो. तुम्ही बसने गेला असाल. पुढे पंधराएक दिवसांनी तुमचा फोन आला, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. सौद्यात आधी फोन करतो तो नमतो, हा माझा हिशेब. तिसऱ्यांदा केला की उचलायचा असं मी ठरवलं होतं. तुम्ही तिसऱ्यांदा केला नाहीत.

वहिनी कॉफी घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी डबा उघडून बसलो होतो. डब्यात रंगांची ओळ लागलेलीच नव्हती. लाल, हिरवे, पिवळे सगळे मिसळलेले. ओळी होत्या त्या वजनाच्या, हलक्यापासून जडपर्यंत, तराजूवाल्याच्या.

मी म्हणालो, "वहिनी, हा मरून रंग कशात करायचे अण्णा?"

"ते कुठे करतात? मी करायचे. बाजारातली पुडी, तिच्यात चमचाभर व्हिनेगर. पुडीवर लिहिलेलं असतं की सगळं." मग त्या समोर बसल्या. "संपत, आता सांगायला हरकत नाही. त्यांना लाल आणि हिरवं एकच दिसायचं. जन्मापासून."

मी कप खाली ठेवला.

"मामंजी रंगारी, त्यांचे वडील रंगारी. हे बारा वर्षांचे असताना कुणाच्या तरी लग्नाची लुगडी लाल रंगाच्या कुंडात घालायची, ती यांनी हिरव्यात घातली. सगळीच्या सगळी. मामंजींनी हाताला धरून बाहेर काढलं. परत रंगाच्या खोलीत पाय ठेवू दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून तराजूवाल्याकडे शिकायला. सांगू नका म्हणायचे कुणाला. चाळीस वर्षं मी भाजी निवडून दिली, सदरे निवडून दिले, कुणाला कळलं नाही. नंतर भाजी स्वतः घ्यायला लागले, दाबून दाबून. पिकलेला टोमॅटो मऊ असतो की."

"त्या रविवारी घरी आल्यावर काही बोलले?"

"आले, हातपाय धुतले, जेवले. मग म्हणाले, संपतला कळलं. मी विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणाले, मीच. त्याने विचारलं, मी हो म्हणालो."

"आणि?"

"आणि काय? दोन दिवसांनी म्हणाले, बरं वाटलं सांगून. मग तुझी वाट बघायला लागले."

अण्णा, मी आयुष्यभर माणसं ओळखून पोट भरलं. दार विकायला आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहतो तेव्हाच मला कळतं की त्याला किती घाई आहे. आणि तुम्ही आयुष्यात एकदाच, एकाच माणसाजवळ, तोंड उघडून खरं सांगितलंत आणि तो माणूस टेंपो काढून निघून गेला.

पण थांबा. माझं भांडण अजून संपलेलं नाही.

निघताना मी वहिनींना विचारलं, रंग दिसत नव्हता तर मागितलेला जिग ते मला इतकी वर्षं बरोबर कसा देत होते? वहिनी हसल्या. डब्यातला एक जिग उचलून त्यांनी शेपटीखालचा दोरा दाखवला. त्याला बारीक गाठ होती. लाल-मरूनला एक गाठ, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन. जिगची शेपटी बांधून झाली की वहिनी गाठी मारायच्या. तुम्ही अंगठ्याने वाचायचात.

घरी येऊन मी तो हिरवा जिग शोधला. त्याच पँटच्या खिशात होता, पँट त्या दिवसापासून घातली नव्हती. उजेडात धरून दोरा पाहिला.

दोन गाठी. स्पष्ट. माझ्यासारख्याच्या राठ बोटालाही लागतात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही हिरवा वाचलात, हिरवा उचललात आणि मला मरून म्हणून दिलात. का? अकरा वर्षं सांगताय की रंगात काही नाही, म्हणून शेवटी मला दाखवून द्यायचं होतं? मासा लागला असता की म्हणाला असतात, बघ, हिरवा होता? की त्या पोरांबरोबर खरंच माझी फिरकी घेत होतात, आणि मी ओरडलो तेव्हा दुसरंच काहीतरी तोंडातून निघून गेलं? चेष्टा करता करता खरं बोलला असाल, तर मी नेमक्या कशावर रागावलो होतो?

मी परत नजरबादला गेलो. उंबऱ्यात उभं राहूनच वहिनींना विचारलं. त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या,

"गेल्या वर्षभरात बोटांतलं भान गेलं होतं रे त्यांच्या. शुगर. गरम भांडं धरलं तरी कळायचं नाही. टोमॅटो परत मीच आणायला लागले होते."

म्हणून मोठ्याने मोजणं. तंगुसाचा झटका हाताला लागत नव्हता, तर आकड्यांवर चालवत होतात. म्हणून अंगठा ओळीवरून इतका वेळ फिरत होता. गाठ एक की दोन, लागत नसेल. किंवा लागली असेल. सगळीच बोटं एकदम जात नाहीत म्हणतात डॉक्टर, आज लागतं, उद्या नाही. मी विचारलं एका डॉक्टरला. कोणासाठी विचारताय म्हणाला, मी फी ठेवली आणि उठलो.

वहिनींना मी म्हणालो, मग त्या दिवशी त्यांना कळलं होतं की नव्हतं, तुम्हाला काय वाटतं?

"तू विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या. रागाने नाही. आणि आत गेल्या.

मला एक उत्तर द्या, अण्णा. कुठलंही चालेल. मित्र होतात की मजा बघत होतात, एवढंच. मी घासाघीस करणार नाही. मित्र होतात असं मला आतून वाटतं, पण मला आतून वाटतं त्यावर मी जुनी खिडकीसुद्धा विकत घेत नाही. तुमच्यावर रागावायला गेलो की तुमचा तो फिरणारा अंगठा दिसतो. माफी मागायला गेलो की दोन गाठी दिसतात. तुम्ही बोलून मोकळे झालात आणि मला इथे या डब्यासमोर बसवून ठेवलंत.

आणि आभार कसे मानू ते तर मुळीच कळत नाही. काट्याच्या वेळी मानले नव्हते. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसामागून चालायला तुम्ही शिकवलंत, त्याचेही नाही. मला कोणी फुकट काही शिकवतं यावरच माझा विश्वास नव्हता.

गेल्या रविवारी मी गेलो तळ्यावर. टेंपो घरी ठेवला, बसने गेलो. खिडकी मिळाली. बसमधून ऊस आणि भात दिसतो, एवढंच आहे त्यात, पण तुम्हाला हिरव्या-लालाची काळजी न करता तेवढा वेळ बघत बसता येत असेल. हेही मी आपलं लावतोय. तुम्हाला नुसती खिडकीच आवडत असेल.

बांधावर केदार होता. एकटाच. मला बघून उठला, "काका, अण्णांचं कळलं," म्हणाला आणि थोडा दूर जाऊन बसला. चांगला आहे पोरगा. मी त्याच्यावर उगाच दात धरला होता.

मी हिरवा जिग बांधला. उतारापाशी टाकला, वीतभर उचलला आणि सोडला. काठीचं टोक खाली नेत गेलो. एक. दोन. मी मोठ्याने मोजत होतो, मला नंतर कळलं. तीन. चार. पाचाला माझा हात शिवशिवला, अकरा वर्षांची सवय. पाच. धरलं नाही. पडू दिलं.

सहाला तंगूस थांबला.

मी मनगट फिरवलं. काठी वाकली ती अशी वाकली की मी उभाच राहिलो. मरळ होती, अण्णा, हातभर नसेल, पण कोपरापर्यंत नक्की. केदार जाळी घेऊन धावत आला, गुडघाभर पाण्यात उतरला, तिला वर काढून दिली. आम्ही दोघे चिखलात बसलो. मासा गवतावर आपटत होता. हिरवा जिग त्याच्या जबड्यात आत कुठेतरी गेलेला, शेपटीचा दोरा तेवढा बाहेर लोंबत होता.

धापा टाकत केदारने विचारलं, "काका, कुठल्या रंगावर लागला हो?"

मी दोऱ्यावरून अंगठा फिरवला. बोटं भिजलेली, गार पडलेली, वर माशाचा बुळबुळीतपणा. गाठ लागली. एक लागली. दुसरी आहे हे मला माहीत होतं, पण लागत नव्हती. मी पुन्हा फिरवला.

"नाही कळत रे मला," मी म्हणालो.

केदार हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.